तीन पौंड पंधरा पेन्सची श्रीमंती

डिसेंबरातल्या एका सकाळी शेजारच्या आजी दारात आल्या. एक किटली उसनी हवी होती. त्यांची स्वतःची चांगली चालू होती, पण एका किटलीनं अंघोळीचं पाणी जमवायचं म्हणजे दुसरं तापेपर्यंत पहिलं निवतं. बॉयलर बंद पडून चार दिवस झाले होते.

आपल्याकडे गिझर बिघडला तर गॅसवर पातेलं ठेवून दिवस निघतो. इंग्लंडात बॉयलर गेला की नळाचं गरम पाणी आणि खोल्यांतले रेडिएटर, दोन्ही एकदम जातात. मी बघायला गेलो. स्वयंपाकघराच्या भिंतीवरची ती पांढरी पेटी वीस वर्षांची. गॅसवाला येऊन सांगून गेला होता की हिचे सुटे भाग आता मिळत नाहीत. नवीन बसवायचा तर अडीच-तीन हजार पौंड. आजी एकट्या, वय ७१, घर स्वतःचं, उत्पन्न म्हणजे फक्त सरकारी पेन्शन.

फेसबुकवर 'मोफत बॉयलर' अशी जाहिरात दिसली म्हणून त्यांनी फोन नंबर भरला होता. तेव्हापासून दिवसाला तीन-तीन फोन. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच: तुम्हाला कोणता सरकारी भत्ता मिळतो?

आजींना एकही मिळत नाही. कारण ऐकून मी कागद-पेन घेऊनच बसलो. पेन्शनरांसाठी या मोफत बॉयलरच्या योजनेची किल्ली म्हणजे पेन्शन क्रेडिट हा भत्ता. २०२५-२६ मध्ये एकट्या माणसाचं साप्ताहिक उत्पन्न २२७.१० पौंडांच्या खाली असलं, तर वरची भर सरकार घालत होतं. आणि नवीन पद्धतीची पूर्ण सरकारी पेन्शन तेव्हा आठवड्याला २३०.२५ पौंड होती. म्हणजे आयुष्यभर नियमित वर्गणी भरून पूर्ण पेन्शन मिळवलेली बाई तीन पौंड पंधरा पेन्सनी श्रीमंत ठरते! त्या पैशात इथे एक कप कॉफी येते, तीही स्वस्तातली.

योजनेचं नाव ईको-४, सुरुवात २०२२ ची. पैसा तिजोरीतून येत नव्हता. वीज-गॅस कंपन्यांवर सक्ती होती आणि कंपन्या तो खर्च ग्राहकांच्या बिलांत घालत होत्या. म्हणजे आजी ज्या योजनेत बसत नव्हत्या, तिचे पैसे त्या दर महिन्याला भरत होत्या.

दुसरं दार काउन्सिलचं, म्हणजे इथल्या पालिकेचं. घराचं वार्षिक उत्पन्न ३१ हजार पौंडांच्या आत असलं तर काउन्सिल शिफारस करू शकत होती. आजींचं बारा हजारांच्या आसपास. पण 'करू शकते' म्हणजे करेलच असं नाही. मग उरलं तिसरं दार: हृदयाचा किंवा श्वासाचा जुना आजार आणि थंड घराचा त्याला त्रास. आजींना दमा आहे. तेवढं एक बरं झालं, असं माझ्या तोंडून निघालं आणि मीच ओशाळलो.

त्याच आठवड्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लाडक्या बहिणींवरून जुंपली होती. ई-केवायसीची मुदत नोव्हेंबरातून डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली होती. एका मित्रानं लिहिलं, "आम्ही कर भरायचा आणि यांनी रेवड्या खायच्या. चाळणी लावा कडक." पंधरा-वीस अंगठे लगेच. आईकडे पोळ्या करणाऱ्या ताई नेमक्या त्याच चाळणीत अडकल्या होत्या. ई-केवायसीला नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यावर येणारा ओटीपी हवा. ताईंचे दोघंही गेलेले. विधवांसाठी वेगळी सोय पुढे झाली, पण तोवर त्यांच्या दोन दुपारी सेतू केंद्रात गेल्या होत्या. महिन्याच्या दीड हजारासाठी.

आता माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी मी गॅस बॉयलर काढून हीट पंप बसवला, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणारं विजेवरचं यंत्र. मागच्या अंगणात एअर कूलरएवढा डबा घुमत असतो. त्याला सरकारी अनुदान मिळालं साडेसात हजार पौंड. माझा पगार कुणी विचारला नाही. अर्जसुद्धा बसवणाऱ्यानंच केला आणि बिलातून रक्कम वजा करून दिली. या अनुदानाला उत्पन्नाची अटच नाही. अट एवढीच की घर तुमचं हवं आणि उरलेले पैसे खिशात हवेत.

ग्रुपवरच्या त्या मित्राच्या गच्चीवर तीन किलोवॉटचं सोलर आहे. पीएम सूर्यघर योजनेतून ७८ हजारांचं अनुदान. उत्पन्नाचा दाखला? नाही. गच्ची असली की झालं. ताईंच्या अठ्ठ्याहत्तर हजारांना बावन्न महिने लागतील, आणि दर वेळी कुणीतरी त्यांच्या दारात चारचाकी उभी आहे का ते बघणार. मी ग्रुपवर हे लिहिलं, माझ्या साडेसात हजारांसकट. उत्तर आलं, "ते वेगळं, ते पर्यावरणासाठी आहे."

गैरप्रकार होत नाहीत असं मी म्हणत नाही. लाडकी बहीणमध्ये पुरुषांच्या खात्यांत पैसे गेल्याचं उघड झालंच. पण इथला अनुभव बघा. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या सरकारी लेखापरीक्षकांनी ईको-४ आणि तिच्या जोडीच्या योजनेची तपासणी छापली. बाहेरच्या भिंतींना ऊबदार आवरण चढवलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत दुरुस्ती करावी लागेल असे दोष होते. काम ठेकेदारांचं, ओल आली गरिबांच्या घरात. अर्जदाराचे पौंड-पेन्स मोजणारी यंत्रणा भिंतीकडे बघायचं विसरली होती. चाळणी कडक करा म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे, की ती नेमकी कुणाच्या हातात कुणासाठी देताय.

आजींनी डॉक्टरांचं पत्र मागायला पंधरवडा घेतला. "मी काही एवढी आजारी नाही," हे पालुपद. शेवटी पत्र मिळालं, आणि एक माणूस टेप घेऊन पोटमाळ्यावर चढला. नुसता बॉयलर मिळत नाही म्हणे. घराची ऊर्जाश्रेणी, म्हणजे घर ऊब किती धरतं ती, वर न्यावी लागते, म्हणून आधी माळ्यावर ऊब धरणारी जाड लोकर, मग बाकीचं.

तो गेल्यावर आजींनी मला विचारलं, "तुझ्याकडे पंपवाला आला होता, त्यानं काय काय मोजलं?"

भिंती, खिडक्या, रेडिएटर, मी म्हटलं. पगार विचारला नव्हता, हे सांगायचं राहिलं.