चाकरमान्यांनी पाहुणे म्हणून येऊ नये

भाद्रपद जवळ आला की सिंधुदुर्गातल्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच वाद पेटतो: गणपतीला सगळ्यांनी मूळ घरी जमायचं, की आपापल्या फ्लॅटमध्ये दीड दिवसाचा आणायचा? वेगळं होऊ पाहणाऱ्यांचं म्हणणं, पंचवीस माणसं एका घरात आली की भांडणं ठरलेलीच. मला हे पटत नाही. इथे अमेरिकेत डिसेंबरात हमखास लागणारा 'नॅशनल लॅम्पून्स ख्रिसमस व्हेकेशन' (१९८९) हा विनोदी सिनेमा बघा. घरभर नातेवाईक आणि गोंधळ, पण गोंधळाचं मूळ माणसांच्या संख्येत नाही. घरचा कर्ता क्लार्क सगळं स्वतःच्या अंगावर घेतो. २५,००० दिवे लावूनही पेटत नाहीत, कारण घरातलं एक बटण बंद असतं. ते बायको चालू करते. हातात न पडलेल्या बोनसच्या भरवशावर तो स्विमिंग पूलची अनामतही भरून बसतो.

सगळ्यात शिकण्यासारखा आहे तो न कळवता आलेला नातेवाईक एडी. तो आपल्या गाडीतल्या संडासाची टाकी पावसाच्या पाण्याच्या गटारात रिकामी करतो. तिथे गॅस साठतो आणि शेवटी एक काका सिगार पेटवतात तेव्हा भडका उडतो. गावच्या घरी भडका उडत नाही, पण अडचण त्याच जागी येते. सेप्टिक टँक बांधलेला पाच-सहा माणसांच्या हिशोबाने, वापरणारी पंचवीस. त्यात भाद्रपदात जमीन पाण्याने भरलेली, शोषखड्ड्यातलं पाणी मुरणार कुठे? ऐन चतुर्थीला संडास तुंबतो आणि निस्तरावं लागतं गावच्या भावाला. गाळ उपसायचा तो मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी. आंबे खायला गेलेल्यांनी हे काम उभं राहून करून घ्यावं.

पाण्याचं तसंच. माणशी १०० लिटर धरले तर दिवसाला २,५०० लागतात. छपरावरची टाकी १,०००ची असेल तर पंप तीनदा चालवावा लागणार, आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. पहिली टाकी पहाटेच भरावी, शिवाय दोन पिंपं भरून ठेवावीत.

वेगळं होणाऱ्यांच्या तक्रारीत एक गोष्ट मात्र शंभर टक्के खरी आहे: गावच्या वहिनीचे हाल. एक किलो पिठीचे मध्यम आकाराचे साठ-सत्तर मोदक होतात. जितक्या वाट्या पिठी तितक्या वाट्या पाणी, त्यात चमचाभर तूप आणि चवीला मीठ. उकळीत पिठी ढवळून झाकण ठेवायचं. उकड गरम असतानाच मळावी लागते, निवली की पारीला चिरा पडतात. एकट्या बाईने उकड काढून, मळून, वळायचं म्हटलं तर शेवटचे मोदक फुटणारच. चौघं हवीत: एकाने दोन-दोन वाट्यांची उकड काढायची, एकाने मळायची, दोघांनी वळायचं. मळायला पुरुषांचे हात उत्तम. नारळ आदल्या रात्री सोलून ठेवावेत. माटवीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या लाकडी चौकटीला, लागणारी कवंडळं ही रानफळं कुठे मिळतात हे गावच्यांनाच माहीत, म्हणून ते काम त्यांचं. भांडी आणि पंगती मुंबईकरांच्या.

पैशाचंही आधीच ठरावं. यंदा पाळी ज्याची त्याने किराणा, भजनाचा चहा-उसळ, भटजींची दक्षिणा असा अंदाज ज्येष्ठातच ग्रुपवर टाकावा. वर्गणी आषाढात जमा व्हावी, न येणाऱ्यांचीही. आम्हा परदेशातल्यांची सगळ्यांच्या आधी.