खाली 1805 लिहिलंय म्हणून चित्र 1805 चं ठरत नाही

'गिलरे, रोलँडसन यांची अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतली इंग्रजी व्यंगचित्रं घेताना खालचं साल वाचा आणि रंगीत प्रतच घ्या, तीच अस्सल. वर्तमानपत्रात यायची, त्यामुळे स्वस्तात मिळतात.' हा सल्ला संग्राहकांमध्ये हातोहात फिरतोय. त्यावर विसंबून लोक पैसे घालवतायत, म्हणून हे लिहितोय.

आधी साल. ब्रिटिश पंतप्रधान पिट आणि नेपोलियन पुडिंगसारखी पृथ्वी कापून खातायत, हे गिलरेचं गाजलेलं चित्र. त्याच्या खाली 26 फेब्रुवारी 1805 ही तारीख आणि प्रकाशक हॅना हम्फ्री यांचं नाव आहे. ही चित्रं तांब्याच्या प्लेटवर कोरून कागदावर छापत. 1735 च्या इंग्लंडमधल्या कायद्याने चित्रकाराला आपल्या चित्रावर हक्क मिळाले, पण प्लेटवर नाव आणि तारीख कोरणं सक्तीचं झालं. म्हणजे ती तारीख प्लेटची आहे, तुमच्या हातातल्या कागदाची नव्हे. गिलरे 1815 मध्ये गेला, प्लेटा मात्र राहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बोन या प्रकाशकाने त्यांवरून पुन्हा छपाई केली, तीही बहुतेक जाड कागदाच्या दोन्ही बाजूंना. म्हणून कागद उलटा करा. मागे दुसरं चित्र दिसलं, तर ती बोनची प्रत समजा. मग कागद खिडकीशी धरा. 1794 नंतर इंग्लंडमधले कागद कारखाने जलचिन्हात, म्हणजे कागदातच असलेल्या, उजेडाशी धरल्यावर दिसणाऱ्या खुणेत, साल घालू लागले. चित्र 1805 चं आणि जलचिन्हात 1817 असेल, तर ती छपाई नंतरचीच. उलट, 1804 दिसलं तर आशा धरायला जागा आहे. पक्का पुरावा मात्र तोही नाही.

रंगाचं म्हणाल, तर प्लेटवरून फक्त काळी रेघ उठायची. रंग दुकानातले रंगारी हाताने भरत, आणि साध्या प्रतीही तिथेच, कमी किमतीला विकल्या जात. साधी प्रत खोटी नाही. उलट बोनची काळीपांढरी प्रत कोणी गेल्या वर्षीही रंगवलेली असू शकते.

वर्तमानपत्राची गोष्ट तर साफ चूक. हे सुटे कागद दुकानात मिळत. रंगीत प्रतीला एक-दोन शिलिंग पडत, मजुराला न परवडणारे. गर्दी दुकानाच्या काचेबाहेर उभी राहून बघायची. लंडनच्या पिकॅडिलीतला चित्रविक्रेता फोर्स तर चित्रांचे अल्बम एका संध्याकाळपुरते भाड्याने द्यायचा.

आपल्याकडच्या अनेकांना वॉरन हेस्टिंग्जचं 1786 चं चित्र हवं असतं: उंटावर बसलेला हेस्टिंग्ज आणि त्याच्यावर चालून आलेला त्याचा संसदेतला विरोधक बर्क. तेही घेताना विक्रेत्याकडे आधी मागच्या बाजूचा फोटो मागा.