‘बोटांचा चाळा’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

‘एक जुना खेळाडू’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

नमस्कार. ऑनलाइन ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या वेगवान बुद्धिबळात, रेटिंग (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) कसं वाढवावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तुमच्या मते तीन मिनिटांचा डाव म्हणजे बुद्धिबळ नव्हे, ‘बोटांचा चाळा’. बाराशे-चौदाशे रेटिंगवाल्यांनी ओपनिंग (सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) आणि एंडगेम (थोडी मोहरी उरल्यावरचा शेवटचा टप्पा) यांच्या नादी लागू नये, कारण ते फुकट मोहरी देऊनच हरतात. ल्युसेनाच्या स्थितीत, म्हणजे हत्ती-प्याद्याच्या एका प्रसिद्ध जिंकत्या एंडगेममध्ये, मी हत्तीची ओळ चुकीची सांगितली. आणि शेवटी, ‘ज्याने खऱ्या पटावर बसून कधी घड्याळ दाबलेलं दिसत नाही, त्याने लोकांना वेळेचं नियोजन शिकवू नये.’

ल्युसेनाचं तुमचं बरोबर आहे. हत्ती चौथ्या ओळीवर आणायचा, म्हणजे राजा बाहेर पडल्यावर शह अडवायला तो मध्ये घालता येतो. मी पाचवी लिहिली. आज सकाळी दुरुस्त केलं, आभार. पण एवढं सांगायला ‘हेही ठाऊक नाही आणि निघाले शिकवायला’ हे वाक्य कशाला लागतं? ‘चौथी ओळ हवी’ हे तीन शब्दांचं काम होतं.

आता घड्याळ. मी सांगलीचा. ज्या गावाने भाग्यश्री साठे आणि स्वाती घाटे यांच्यासारख्या बुद्धिबळपटू दिल्या, त्या गावात वाढलेल्या माणसाला तुम्ही पट दाखवताय. १९९४ साली, सोळा वर्षांचा असताना, एका खुल्या स्पर्धेत माझा हत्तीचा एंडगेम आला होता. एक प्यादं जास्त, ते सातव्या ओळीवर, माझा राजा त्याच्यापुढे. तेव्हा चावीची घड्याळं असत. मिनिटकाटा बाराजवळ आला की लाल झेंडा हळूहळू वर उचलला जायचा. मी त्या झेंड्याकडे बघत शहातून राजा कसा बाहेर काढायचा ते शोधत राहिलो आणि झेंडा पडला, वेळ संपली. ती ल्युसेनाचीच स्थिती होती, हे मला दोन वर्षांनी कळलं. त्यानंतर नोकरी, शिफ्ट, संसार. पंचवीसेक वर्षं मी पटाला हात लावला नाही. ‘घड्याळ दाबलेलं दिसत नाही’ असं तुम्ही कशावरून लिहिलंत, ते खरंच सांगा. माझ्या लेखात स्पर्धांचे फोटो नाहीत म्हणून?

परत आलो तो ऑनलाइनच, रात्री साडेदहानंतर, तीन अधिक दोनचे डाव. चौदाशे वीसवरून अठराशे दहापर्यंत यायला चौदा महिने लागले. तुम्ही ज्याला चाळा म्हणता त्यातलं गणित मी त्या चौदा महिन्यांत शिकलो, आणि माझ्या लेखाचा गाभा तोच होता. तीन मिनिटं आणि प्रत्येक चालीला दोन सेकंद म्हणजे साठ चालींच्या डावात प्रत्येकाला एकूण पाच मिनिटं मिळतात. पहिल्या दहा चाली वीस सेकंदांत झाल्या, तर तीन मिनिटं जशीच्या तशी उरतात. म्हणून ओपनिंग पाठ करायची. सेकंद वाचवायला, फायदा मिळवायला नव्हे! कारो-कान या ओपनिंगमध्ये पांढऱ्याने तिसऱ्या चालीला प्यादं ई५ वर ढकललं, की माझा उंट एफ५ वर जातो, विचार न करता. तिथे चाळीस सेकंद घालवणारा माणूस पंचविसाव्या चालीला घोडा फुकट देतो. मग तुम्ही म्हणता, याचे टॅक्टिक्स (डावपेच) कच्चे.

एंडगेमचंही तेच. फिलिडोरची स्थिती (एक प्यादं कमी असताना हत्तीने बरोबरी राखायची पद्धत) माहीत असेल तर बचाव करणाऱ्याचा हत्ती आपल्या तिसऱ्या ओळीवर बसून राहतो, समोरच्याने प्यादं तिथवर पुढे ढकललं की सरळ त्याच्या टोकाला जाऊन मागून शह देत राहतो. माहीत असलेल्याला चालीमागे दोन सेकंद पुरतात, आणि तेवढे त्याला मिळतातच. माहीत नसलेला पटावर बरोबरीत असूनही वेळेवर हरतो. मी लेखात अजून एक साधी गोष्ट लिहिली होती, तिच्यावर तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. समोर नुसता राजा उरला असताना तुमची वेळ संपली, तर डाव बरोबरीत सुटतो. त्याच्याकडे एक प्यादं जरी शिल्लक असलं तरी तुम्ही हरता. म्हणून शेवटच्या दहा सेकंदांत मात शोधण्याआधी ते प्यादं मारा. हे बोटांना कळत नाही, डोक्यालाच कळावं लागतं.

आणि वेगाचा खेळ एवढाच हलका असेल, तर जगज्जेतेपदाचे निकाल त्यावर का लागतात? २०१६ मध्ये कार्लसन-कार्याकिन, २०१८ मध्ये कार्लसन-कारुआना, २०२३ मध्ये डिंग-नेपोम्नियाची, तिन्ही वेळा क्लासिकल (तासन्‌तास चालणाऱ्या) डावांत बरोबरी झाली आणि निकाल रॅपिडमध्ये (ब्लिट्झपेक्षा संथ, पण क्लासिकलपेक्षा खूप वेगवान डावांत) लागला. जुलै २०२५ मध्ये बाटुमीला आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला तोही तसाच. दोन क्लासिकल डाव बरोबरीत, मग दुसऱ्या रॅपिड डावात काळ्या मोहऱ्यांनी विजय, आणि समोर कोण, तर रॅपिडची दोनदा जगज्जेती झालेली कोनेरू हम्पी. रॅपिड म्हणजे ब्लिट्झ नव्हे, हे मलाही ठाऊक आहे. ते लिहायला पुन्हा येऊ नका. प्रश्न घड्याळाखाली डोकं शाबूत ठेवण्याचा आहे. चालीमागे सेकंद वाढवून देणाऱ्या घड्याळाचं पेटंट १९८८ मध्ये मागितलं ते माजी जगज्जेत्या बॉबी फिशरने. त्याला कुणी चाळेखोर म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

टॅक्टिक्सवर तुम्ही तीन परिच्छेद लिहिलेत. पझल्स सोडवावीत हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, माझ्या लेखाचा तो विषय नव्हता, त्यामुळे त्यावर इथे वेळ घालवत नाही. क्लासिकल खेळल्याशिवाय खेळ खोल होत नाही, हेही असेल. रात्री साडेदहाला चार तासांचा डाव कुठून आणायचा ते सांगा, मी खेळतो.

माझ्या लेखाखाली एका बँकेतल्या बाईंनी लिहिलं होतं की मुलाला झोपवल्यावर दोन डाव खेळते, लंडन सिस्टिम ही ओपनिंग शिकल्यापासून पहिल्यांदाच घड्याळाची भीती गेली. तुमची प्रतिक्रिया बरोबर त्यांच्या खाली आहे. ‘बोटांचा चाळा’ हा शब्द त्यांनीही वाचला असणार. माझ्याबद्दल काय लिहिलंत ते राहू द्या, तो एक शब्द तेवढा काढा.