सेंद्रिय हापूसचे जादा पैसे कुठे जातात

सेंद्रिय हापूसवरचा एक लेख वाचला; त्याच्या जादा दराला त्यात 'श्रीमंतांची हौस' म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. आंब्यासारख्या बहुवर्षीय झाडांना सेंद्रिय प्रमाणपत्र मिळायला साधारण 3 वर्षांचा रूपांतरणाचा काळ काढावा लागतो. तेवढ्या काळात रासायनिक खतं-फवारण्या बंद, पण फळ बहुतेकदा नेहमीच्याच भावाने विकायचं! तुडतुडे, फळमाशी, अवकाळी पाऊस काही थांबत नाहीत. लहान बागायतदाराने हा खड्डा कशातून भरायचा? म्हणून मला पीजीएस (सहभाग हमी पद्धत) प्रमाणीकरण मोलाचं वाटतं. त्यात किमान 5 शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या बागा तपासतो, खर्चही कमी येतो.

आणि बागेत राबणाऱ्या माणसांबद्दल लेखात एक ओळही नाही, याचं फार वाईट वाटलं. कोकणातल्या बागांमध्ये कितीतरी जण थेट नेपाळहून येतात. फवारणीचं विष सगळ्यात आधी त्यांच्याच अंगावर उडतं. सेंद्रिय शिक्क्यावरून त्यांना मजुरी किती मिळते ते मात्र कळत नाही. तेव्हा पेटी घेताना प्रमाणपत्राबरोबर तेही विचारा, आणि जमेल तर थेट बागेतूनच घ्या. मधली अडत-दलाली वाचली की त्याच पैशांतून गड्यांना वेळेवर मजुरी देता येते.