पहिलं पाणी फेकलं की चहातलं कॅफीन जातं? नाही जात.

"पानांचा चहा घरी कसा चाखायचा, सहा सोनेरी नियम" नावाचा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला, पण परवा आत्याने तो वहिनीला वेगळा पाठवला, वर "आता बिनधास्त पी" असं लिहून. वहिनीला सहावा महिना चालू आहे, डॉक्टरांनी तिला चहा-कॉफी मोजून घ्यायला सांगितलंय, आणि तिने त्या मेसेजच्या भरवशावर कप वाढवले सुद्धा. म्हणून हे लिहितेय.

मेसेजमधले नियम असे. एक, पानांवर उकळतं पाणी ओता, ३० सेकंदांनी ते फेकून द्या, ८० टक्के कॅफीन गेलं, मग कितीही प्या. दोन, त्या पहिल्या पाण्यावर येणारा फेस म्हणजे कीटकनाशक. तीन, व्हाइट टीमध्ये कॅफीन नसतंच, आणि रंग जितका फिका तितकं कॅफीन कमी. चार, उकळत्या पाण्याने पान जळतं, म्हणून कुठलाही चहा ७० डिग्रीच्या वर करू नका. पाच, गोड जिभेच्या टोकावर कळतं आणि कडू मागे, त्यामुळे घोट टोकावरच ठेवा. सहा, पानांचा चहा कधी खराब होत नाही, जुना तितका भारी. (पहिल्या नियमात उकळतं पाणी ओता म्हणतात आणि चौथ्यात अजिबात ओतू नका म्हणतात, हे फॉरवर्ड करणाऱ्या एकालाही खटकलं नाही?)

पहिला नियम घातक आहे, त्यामुळे त्याच्यावरच जास्त बोलते. कॅफीन पाण्यात विरघळतं हे खरं, पण ते पानाच्या आत असतं, वर धुळीसारखं चिकटलेलं नसतं की पाणी ओतलं आणि वाहून गेलं. पान आधी भिजायला लागतं, उलगडायला लागतं, मग ते हळूहळू बाहेर येतं. हे मोजून झालेलं आहे. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठात हिक्स, शे आणि बेल या संशोधकांनी तेच चहा उकळत्या पाण्यात लागोपाठ तीन वेळा, प्रत्येक वेळी ५ मिनिटं भिजवले आणि दरवेळी किती कॅफीन निघालं ते पाहिलं, १९९६ साली हे छापून आलंय. तिन्ही वेळा मिळून जेवढं निघालं त्यातलं साधारण ६९ टक्के पहिल्या पाण्यात, २३ टक्के दुसऱ्या आणि ८ टक्के तिसऱ्या. म्हणजे पूर्ण पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून सुद्धा पहिल्या खेपेला ८० टक्के निघत नाही, मग ३० सेकंदांत कुठून निघणार? हा आकडा कुणी काढला, कशावरून काढला, मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

आता यातलं अर्धसत्य, नाइलाजाने का होईना, मान्य करते. पहिलं पाणी फेकलं की थोडं कॅफीन जातंच, आणि त्याच पानांचा दुसरा कप पहिल्यापेक्षा सौम्य असतो हे वरच्या आकड्यांवरूनच दिसतंय. पण त्यासाठी पहिला कप पूर्ण मुरवून ओतून द्यावा लागेल, आणि त्याच्याबरोबर वास आणि गोडवा पण बराचसा जाईल. पानं धुणं ही खरी पद्धत आहे, पण ती पु-अरसारख्या दाबून वडी केलेल्या चहासाठी किंवा घट्ट गोळ्या वळलेल्या ऊलाँगसाठी, पान मोकळं व्हावं आणि बारीक भुगा निघून जावा म्हणून. कॅफीन घालवायला नाही. नाजूक ग्रीन टी अशी धुतली तर सगळ्यात छान भाग मोरीत जातो.

आणि खरा धोका त्या "मग कितीही प्या" मध्ये आहे. युरोपियन फूड सेफ्टी अथॉरिटीने २०१५ साली गरोदर बायकांसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन ठीक म्हटलंय, चहा, कॉफी, चॉकलेट, कोला सगळं धरून. चहाच्या एका कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम असतं, पानं जास्त घातली किंवा जास्त वेळ ठेवली तर त्याहूनही जास्त. कॅफीन गेलंय असं धरून चालणारा माणूस पान जास्त वेळ मुरवतो, वर आणखी दोन कप घेतो, म्हणजे होतंय ते नेमकं उलटं. ज्यांना धडधडीचा त्रास आहे, रात्री झोप लागत नाही, त्यांनाही हेच लागू. कमीच करायचं असेल तर पानं कमी घाला, कमी वेळ ठेवा, कप मोजा, नाहीतर सरळ डिकॅफ घ्या, त्यातलं कॅफीन विक्रीला यायच्या आधी कारखान्यात वेगळी प्रक्रिया करून काढतात आणि तरी किंचित उरतंच. फुलापानांचे हर्बल चहा चहाच्या झाडाचे नसतात, त्यातल्या बहुतेकांत कॅफीन नसतं, पण गरोदरपणात कुठली वनस्पती चालेल हे डॉक्टरांनाच विचारा. ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी कृपा करून त्याच लोकांना परत मेसेज करून पहिला नियम चूक आहे एवढं तरी कळवा.

फेसाचं काय, तर चहाच्या पानात मुळातच सॅपोनिन असतात, रिठ्याला फेस येतो तो पण सॅपोनिनमुळेच. वरून जोरात पाणी ओतलं की फेस येणार. फवारणीचे अंश पानावर असू शकतात, ती काळजी चुकीची नाही, पण फेस आला म्हणजे आहेत आणि नाही आला म्हणजे नाहीत असं काहीही नसतं.

व्हाइट टी, ग्रीन टी, ऊलाँग, ब्लॅक टी, सगळे एकाच झाडाचे. ब्लॅक टीचा रंग पान तोडल्यावर होणाऱ्या ऑक्सिडेशनमुळे येतो, त्यात थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन तयार होतात, त्यांचा तो लालसर तपकिरी रंग. कॅफीनला रंगच नाही, त्यामुळे रंगावरून ते ओळखता येत नाही. उलट व्हाइट टी कळ्या आणि कोवळ्या पानांचा असतो, आणि कॅफीन कोवळ्या भागातच जास्त असतं. तेव्हा हा नियम पण वहिनीसारख्यांना खड्ड्यात घालणाराच.

पाचव्या नियमातल्या जिभेच्या नकाशाचा (गोड टोकावर, कडू मागे) मात्र मला मनापासून राग येतो, कारण त्याने चाखण्याची सगळी मजाच जाते. १९०१ साली हेनिग नावाच्या जर्मन संशोधकाने जिभेच्या वेगवेगळ्या भागांत अगदी थोडा फरक नोंदवला होता, १९४२ साली बोरिंग यांनी आपल्या पुस्तकात त्याचा आलेख असा काढला की तो थोडासा फरक प्रचंड वाटायला लागला, आणि तिथून हा नकाशा शाळेच्या पुस्तकांत शिरला. १९७४ साली कॉलिंग्ज यांनी परत तपासलं तर फरक नगण्यच निघाला. घोट टोकावर धरून ठेवलात तर तुरटपणा कळणारच नाही, कारण ती चव नाहीच, चहातले पॉलिफेनॉल लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि गाल, हिरड्या, टाळू कोरडे पडल्यासारखे वाटतात, ते आहे. आणि वास तर घशाच्या मागून नाकात जातो. म्हणून चहा चाखणारे व्यावसायिक लोक चमच्यातून सुर्रकन आवाज करत हवेसकट घोट ओढतात, तोंडभर पसरवतात. एकदा नाक चिमटीत धरून घोट घ्या आणि मग सोडा, लगेच कळेल.

जुन्या चहाचं म्हणाल तर पु-अर नीट ठेवला तर वर्षानुवर्षं मुरतो, काही व्हाइट टी पण. म्हणून सगळेच? ग्रीन टीला हवा, उजेड, ओल लागली की काही महिन्यांत ती सपाट होते, शेजारच्या मसाल्याचा वास सुद्धा घेते.

राहिलं उकळतं पाणी. जपानी सेंचासारख्या ग्रीन टीला ७०-८० डिग्री बरं, कारण जास्त गरम पाण्यात कॅटेचिन आणि कॅफीन भराभर उतरतात आणि चहा कडू-तुरट होतो. जळत वगैरे काही नाही, पाणी १०० डिग्रीच्या वर जातच नाही, आणि बऱ्याच ग्रीन टीची पानं तर आधी गरम कढईत परतलेली असतात. ब्लॅक टी किंवा पु-अर ७० डिग्रीला केला तर पुळकवणी लागेल. चहा तपासायचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ३१०३, १९८० पासून आहे, त्यात १०० मिलिलिटर ताज्या उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटं असंच दिलंय. प्यायला तो कप कडक होतो, पण चहातलं चांगलं-वाईट लपत नाही. घरी दोन चहा शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर हेच करा, फक्त चमच्याने मोजू नका. व्हाइट टीची फुगीर पानं चमचाभर घेतली तर जेमतेम वजन भरतं आणि गोळी ऊलाँग तेवढ्याच चमच्यात कितीतरी जास्त, मग कुठला चहा हलका आणि कुठला कडक हे ठरवणार कसं? छोटा वजनकाटा घ्या.