एका बैठकीत अख्खा तालुका नकाशावर

ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर, आपला तालुका उघडाबोडका दिसतो हे पाहून तुमच्या पोटात कालवलं असेल, तर तुमची कळकळ खरी आहे. आता अशी कळकळ असलेले काही लोक उन्हातान्हात गल्ल्या पालथ्या घालतात, दुकानांच्या पाट्या वाचतात, ओढ्यावरच्या पुलाला काय म्हणतात ते म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारतात. त्यांचं त्यांना लखलाभ. तुमच्याकडे एक रविवार आहे आणि बरं वाय-फाय आहे. तेवढ्यात भागतं.

डाव्या खिडकीत गूगल मॅप्स उघडा, उजव्या खिडकीत ओपनस्ट्रीटमॅपमध्ये बदल करायचं साधन, आयडी एडिटर. डावीकडे वाचा, उजवीकडे टाइप करा. कोणी हटकलं तर ठसक्यात विचारा, "रस्त्याच्या नावावर कसला आलाय कॉपीराइट? टिळक रस्ता काय त्यांनी बांधला?" सुट्या नावावर खरोखरच कॉपीराइट नसतो, त्यामुळे प्रश्न बिनतोड वाटतो. आपण एक नाव नाही, चारशे उचलतोय, हे मात्र बोलू नका. गूगल मॅप्सच्या अटींत त्यांच्या माहितीवरून दुसरा नकाशा-डेटा तयार करायला किंवा वाढवायला साफ मनाई आहे, पण अटी वाचतो कोण? शिवाय ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनची नोंदणी इंग्लंडमधली, आणि तिथे मेहनतीनं जमवलेल्या डेटाबेसला कॉपीराइटखेरीज वेगळा हक्क आहे, १५ वर्षांचा. तो विषय निघालाच तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा २००७ चा निकाल काढा: नुसत्या घामाला कॉपीराइट मिळत नाही. समोरचा गप्प बसेल. खटला कोण जिंकेल हा मुद्दाच नसतो, हा नकाशा वापरणाऱ्या कुणालाही पुढे वकील शोधावा लागू नये म्हणून शंका आली की माहिती बाहेर ठेवतात, असं तो पुटपुटेल. तुम्ही तोवर पुढच्या गल्लीत पोचलेले असाल.

नावं उतरवताना डोकं वापरू नका. इंग्रजीवरून यंत्रानं उलटवलेल्या देवनागरीत 'टिळक'चं 'तिलक' होतं, 'वडगाव'चं 'वाडगांव' होतं, 'ळ' तर वाटेतच गळतो. हे सगळं जसंच्या तसं मराठी नावाच्या रकान्यात टाका. चौकातली पाटी, एसटीचा फलक आणि ग्रामपंचायत एक सांगतात आणि तुमचा नकाशा तिसरंच सांगतो, तेव्हा तपासणाऱ्याचं काम किती सोपं होतं! चुकांची वंशावळ काढणं हा नकाशावाल्यांचा जुना छंद आहे. ब्रिटनमधल्या ऑटोमोबाइल असोसिएशननं २००१ मध्ये ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेला दोन कोटी पौंड मोजायचं कबूल केलं, ते नकाशे उतरवल्याच्या दाव्यापोटीच. पण ती बडी मंडळी. तुम्हाला कोण पकडतंय?

उपग्रहाच्या चित्रांचंही असंच करा. एडिटरच्या यादीत बिंग आणि एस्रीची चित्रं असतात. त्यांवरून ट्रेस करायची परवानगी आहे, बिंगची तर २०१० पासून. पण तुमच्या नव्या लेआउटमधली घरं गूगलच्या चित्रात दिसतात आणि बिंगवर अजून ज्वारी उभी असते. मग जोसम नावाच्या दुसऱ्या एडिटरमध्ये गूगलच्या टाइल्सचा, म्हणजे चित्राच्या तुकड्यांचा, पत्ता हातानं घाला आणि घरं गिरवा. बिंगचं चित्र काही ठिकाणी पाच-दहा मीटर सरकलेलं असतं. मोबाइलवर जीपीएस ट्रॅक घेऊन, रस्त्यावरून एकदा जाऊन-येऊन ते जुळवता येतं, पण त्यासाठी चपला घालाव्या लागतात. स्ट्रीट व्ह्यूमधून दुकानांच्या पाट्या वाचणं त्याहून सोयीचं. तीच पाटी दुकानासमोर उभं राहून वाचली, स्वतः फोटो काढला किंवा मॅपिलरी या रस्त्यांच्या फोटोंच्या साइटवर पाहिली तर कोणाचीच हरकत नसते. म्हणूनच त्यात मजा नाही.

आता सोर्सचा, म्हणजे माहिती कुठून घेतली ते लिहायचा रकाना. इथे नवशिके गडबडतात. काही भाबडे तिथे सरळ 'गूगल मॅप्स' लिहितात, त्यांचे चेंजसेट, म्हणजे एकदम जतन केलेल्या बदलांचे गठ्ठे, एका शोधात सापडतात. तुम्ही मुरलेले आहात, तुम्ही 'स्थानिक माहिती' लिहा. तासाभरात चंदगडचे ओढे, अक्कलकुव्याच्या वाड्या आणि अहेरीची किराणा दुकानं अशी स्थानिक माहिती असलेला माणूस दुर्मीळच. प्रत्येक बदलाची वेळ इतिहासात नोंदली जाते, पार्श्वभूमीला कोणतं चित्र होतं तेही आयडी एडिटर आपण होऊन लिहून ठेवतो, याची तमा बाळगू नका.

सरकारी यादी हाती लागली तर दुधात साखर. सरकारी म्हणजे आपल्याच पैशाची, मग लायसन्स कसलं बघायचं? श्रेय द्यायची अट घालणारं सीसी-बाय ४.० लायसन्स असेल तर माहितीच्या मालकाकडून वेगळी लेखी सूट घ्यावी लागते, 'बिगर-व्यावसायिक' अट असेल तर ती ओडीबीएलमध्ये, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपच्या लायसन्समध्ये, बसतच नाही, 'पुढेही हेच लायसन्स लावा' म्हणणारं सीसी-बाय-एसएही चालत नाही. ही सगळी रिकामटेकड्यांची कामं. इम्पोर्ट करण्याआधी ओपनस्ट्रीटमॅपच्या विकीवर पान लिहा, चर्चा करा, वेगळं खातं काढा, असंही नकाशावाले सांगतील. एका चेंजसेटमध्ये १०,००० बदल मावतात, तेव्हा शाळांची यादी शनिवारी रात्रीच ओतून टाका. आधीच्या शाळा तिथे होत्याच, आता जोडीनं दिसतील. ज्या गावांचे अक्षांश-रेखांश यादीत नव्हते त्यांच्या शाळा तहसील कचेरीच्या आवारात एकमेकींवर उभ्या राहतील. मुलांची सोय. काही स्थानं विकिपीडियावरून भरता येतील. तिथली बरीच मुळात गूगलवरूनच आलेली असतात, म्हणजे वर्तुळ पूर्ण.

एका गोष्टीपासून मात्र चार हात लांब राहा: जुने नकाशे. अमेरिकी लष्कराची यू-५०२ मालिका, १:२,५०,००० प्रमाणाची, १९५० च्या दशकातली, सार्वजनिक मालकीची, टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट. भारतीय सरकारी नकाशांचा कॉपीराइटही प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. वाड्या-वस्त्यांची नावं शोधायला असं बिनधोक साधन दुसरं नाही. अडचण एवढीच की त्यावर उजनीचं पाणी नाही, तेव्हा ताज्या चित्राशी ताडून पाहावं लागतं. तुम्ही ताडून पाहणाऱ्यांतले नाही.

एवढं केल्यावर डेटा वर्किंग ग्रुपचं, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपच्या तक्रारी तपासणाऱ्या गटाचं, लक्ष गेलंच, तर नुसतं रिव्हर्ट होत नाही, म्हणजे बदल नुसते मागे घेतले जात नाहीत, रिडॅक्शन होतं. उचललेली माहिती ज्यात आहे त्या आवृत्त्या इतिहासातूनही झाकल्या जातात. तुमच्या 'तिलक' रस्त्यावर नंतर कुणी शिकवणी सोडून जाऊन एकेरी वाहतूक, गतिरोधक, दिव्याचे खांब नोंदवले असतील, तर त्या कामातलंही पुष्कळसं त्याच्याबरोबर जातं. ते लोक चिडतील. त्यांना खाते-करार दाखवू देऊ नका. देण्याचा हक्क आहे तेवढंच देईन, असं खातं उघडताना तुम्हीच मान्य केलेलं असतं.

शेवटी तुम्हाला बहुधा शून्य तासांचा ब्लॉक मिळेल. त्यात बंदीचा काळ शून्य असतो, पण आलेला संदेश उघडेपर्यंत नकाशात बदल करता येत नाही. उघडा, न वाचता बंद करा, आणि शेजारचा तालुका घ्या.