'भारी अँटिबायोटिक बंद केलं' म्हणजे नेमकं काय केलं?

गेल्या आठवड्यात एकच मजकूर मला तीन ग्रुपांवर आला. थोडक्यात असा: हॉस्पिटलांत आता 'अँटिबायोटिक कमिटी' असते, ती पैसे वाचवायला भारी औषध काढते, चौदा दिवसांचा कोर्स सातवर आणते, सलाईन बंद करून गोळ्या देते, नातेवाइकांनी अशा बदलाला सही देऊ नये. अशाच एका टीममध्ये मी मायक्रोबायोलॉजिस्ट, म्हणजे लॅबमध्ये जंतू तपासणारी, आहे.

पैशांचं आधी उरकते. खासगी हॉस्पिटलात इंजेक्शन बहुतेकदा तिथल्याच मेडिकलमधून येतं आणि बिलाला लागतं. ते बंद झालं तर वाचतात ते नातेवाइकांचे पैसे.

खरा घोळ 'भारी' या शब्दात आहे. रक्तात संसर्ग पसरून बीपी ढासळलेला पेशंट आला की पहिल्या तासातच जास्तीत जास्त जंतूंवर चालणारं औषध सुरू होतं. तिथे आम्ही आडवे येत नाही. आधी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, रक्त घ्या, एवढाच हट्ट. दोन-तीन दिवसांत प्लेट माझ्यासमोर येते. जंतूंचा पांढुरका थर, त्यावर औषधांच्या छोट्या कागदी चकत्या. औषध लागू पडतं तिथे चकतीभोवती स्वच्छ गोल रिंगण. समजा जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस निघाला आणि सेफॉक्सिटिनच्या चकतीभोवती चांगलं मोठं रिंगण आहे (म्हणजे सेफाझोलिनही त्याला लागू पडणार), तर चालू असलेल्या व्हँकोमायसिनपेक्षा सेफाझोलिन सरस ठरतं, शिवाय किडनीला त्रास कमी. आम्ही बदला म्हणतो. संध्याकाळी गावी फोन जातो, 'भारी औषध काढून साधं लावलं.'

उलटंही होतं. क्लेब्सिएला नावाच्या जंतूच्या प्लेटवर मेरोपेनेम या भारी अँटिबायोटिकच्या चकतीला जंतू अगदी खेटून वाढलेले दिसतात. ते औषध आता पाण्यासारखं. तेव्हा वॉर्डात फोन करून आणखी वरचं औषध लावायला सांगणारेही आम्हीच. हे फॉरवर्डमध्ये नाही.

चौदा दिवसांचं म्हणाल, तर रक्तात जंतू सापडलेल्या ३,६०८ पेशंटांवर ७ देशांतल्या ७४ हॉस्पिटलांत झालेली 'बॅलन्स' चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ९० दिवसांतले मृत्यू ७ दिवसवाल्यांत १४.५ टक्के, १४ दिवसवाल्यांत १६.१. म्हणजे सात दिवस कमी पडले नाहीत. अर्थात वरचा ऑरियस या चाचणीत घेतलेलाच नव्हता. त्याला किमान चौदा दिवस द्यावेच लागतात, हृदयाच्या झडपेवर बसला तर सहा आठवडेसुद्धा. टीबीचं गणित आणखी वेगळं. आणि बरं वाटलं म्हणून घरी आपणच गोळ्या थांबवणं हा निराळाच प्रकार.

सलाईनबद्दल एवढंच: लिनेझोलिड किंवा लिव्होफ्लॉक्सासिनची गोळी पोटातून जवळपास पूर्ण रक्तात उतरते. पेशंट जेवू लागला, उलटी नाही, ताप उतरतोय, तर हातातली सुई म्हणजे नव्या जंतूंना उघडं दार.

एक संशय मात्र मला झटकता येत नाही. टीम कागदावरच असते, असंही घडतं. माझ्या आधीच्या नोकरीत दर महिन्याला रजिस्टरवर सह्या व्हायच्या, वॉर्डात कुणी फिरकायचं नाही. पेशंट न पाहता औषध बदलत असतील तर जरूर भांडा. कल्चर कधी घेतलं, रिपोर्टमध्ये काय आलं, हे विचारा. आमचा असतो तो सल्ला. निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा, आणि उत्तर त्यांना देता यायला हवं.

राहिली ती सही. अँटिबायोटिक बदलायला नातेवाइकांची वेगळी सही मागितलेली मी आजवर एकदाही पाहिलेली नाही.